पंडिता रमाबाई आणि शाळेचं उघडं दार

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवर, निर्णा आणि त्याच्या आसपासच्या गावांत, मूल पाच-सहा वर्षांचं झालं की घरात एक चर्चा हमखास सुरू होते. याला कुठल्या शाळेत घालायचं? सरकारी कन्नड शाळेत, मराठीत, की उर्दूत? की उसनवारी करून इंग्रजी कॉन्व्हेंटमध्ये? कॉन्व्हेंटचं नाव निघालं की घरातलं एखादं वडीलधारं माणूस हळूच विचारतं, तिथे पोरांना त्यांच्या धर्माचं तर शिकवत नाहीत ना? आपण ख्रिस्ती संस्थेच्या महाविद्यालयात शिकतो. त्यामुळे हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरी ऐकलेला असेल. आणि आपल्यातल्या ख्रिस्ती मित्रमैत्रिणींनी तो नेमका दुसऱ्या बाजूनं ऐकलेला असेल: आम्ही शाळा चालवतो, मग आमच्यावरच संशय का?

हा प्रश्न काही आजचा नाही. १८९३ साली पुण्यात तो इतका पेटला होता की न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं एका शाळेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली. ती शाळा होती पंडिता रमाबाईंची. याच रमाबाईंनी पुढे आपल्या गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, शाळा काढली. ही गोष्ट आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसते.

रमाबाई म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक, त्या संस्कृतच्या मोठ्या पंडिता होत्या. दोन, त्या ख्रिस्ती झाल्या. परीक्षेला तेवढंच पुरतं. पण त्यांचं आयुष्य नीट पाहिलं तर एकच प्रश्न त्यांना लहानपणापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा भेटलेला दिसतो. मुलांना शिकवण्याची जबाबदारी कोणाची? आणि त्या शिकवण्यात धर्माची जागा कुठे?

जंगलातली शाळा

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. साठेशास्त्री पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवायला जात. बाई संस्कृत शिकू शकते हे अनंतशास्त्र्यांनी तिथे पाहिलं आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं असं मनाशी ठरवलं. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते जमलं नाही. पुढे लक्ष्मीबाईंशी लग्न झाल्यावर त्यांनी तो निश्चय पुरा केला. लोकांना ते रुचलं नाही. शास्त्रीबुवांना आपली बाजू शास्त्राधारानं मांडावी लागली. शेवटी ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले आणि तिथेच त्यांनी पाठशाळा चालवली. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई तिथेच जन्मल्या.

रमाबाईंची पहिली शिक्षिका म्हणजे त्यांची आई. भल्या पहाटे, घरचं काम सुरू व्हायच्या आधी, लक्ष्मीबाई मुलीला उठवत आणि श्लोक सांगत. पुढे कर्ज झालं, जंगलातलं घर सुटलं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते वर्षानुवर्षं फिरतच राहिलं. देवळात नाहीतर घाटावर पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर गुजराण करायची. बारा वर्षांची होईपर्यंत रमाबाईंना भागवत मुखोद्गत होतं.

या घरातलं शिक्षण एका अर्थानं पूर्ण धार्मिक होतं. आईवडिलांनी मुलांना बाहेरच्या जगाशी फारसा संबंध येऊ दिला नाही. संस्कृत सोडून दुसरी विद्या नाही, हाताला दुसरं काम नाही. मग दुष्काळ आला. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात आणि व्रतवैकल्यात संपलेलं. हजारो श्लोक पाठ असलेल्या या कुटुंबाला भाकरी कशी मिळवायची ते माहीत नव्हतं. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, नंतर थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, दोघंच उरले. पायी चालत त्यांनी देश पालथा घातला.

या दिवसांबद्दल रमाबाईंनी पुढे लिहिलं आहे आणि त्यात वडिलांवर राग नाही. ज्या काळात बायकांना अक्षर शिकवणं पाप मानत, त्या काळात वडिलांनी त्यांना विद्या दिली, हे उपकार त्या विसरल्या नाहीत. पण नुसत्या धर्माच्या शिक्षणावर माणूस जगात उभा राहू शकत नाही, हे त्यांनी उपाशीपोटी अनुभवलं होतं. त्यांच्या पुढच्या प्रत्येक शाळेत पुस्तकाबरोबर हाताचं काम असायचंच. त्याचं मूळ इथे आहे.

हंटरसाहेबांपुढे

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी वेद वाचायला सांगितले. तोवर वेद हे बाईनं वाचायचे नाहीत असंच त्यांना शिकवलेलं होतं. वडिलांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं खरं, पण वेदांच्या दाराशी तेही थांबले होते.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी नाकं मुरडली. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्यानं नवरा गेला. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या आणि इथल्या सुधारकांच्या मदतीनं त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

त्याच वर्षी सरकारनं नेमलेलं शिक्षण कमिशन पुण्यात आलं. अध्यक्ष विल्यम हंटर, म्हणून ते हंटर कमिशन. देशातल्या शिक्षणाची, विशेषतः प्राथमिक शिक्षणाची, स्थिती तपासायची हे त्याचं काम. त्या वेळी सरकारचं धोरण १८५४ च्या वूडच्या खलित्यावर चालत होतं. सरकारी शाळांत धर्मशिक्षण द्यायचं नाही. खाजगी संस्था मिशनची असो वा हिंदूंची, ती साधं शिक्षण नीट देत असेल तर तिला अनुदान द्यायचं आणि तिच्या धर्मशिक्षणात सरकारनं डोकवायचं नाही. कागदावर हे ठीक होतं. पण शाळा होत्याच किती? आणि त्यात मुली किती?

या कमिशनपुढे पुण्यातून दोन आवाज पोहोचले. एक जोतीराव फुल्यांचा. सरकारचा महसूल शेतकरी भरतो आणि सरकार पैसा खर्च करतं वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी आकडेमोडीसकट मांडलं. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. फुले स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, पण ख्रिस्ती झाले नव्हते, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरा आवाज रमाबाईंचा. मुलींच्या शाळांना बायकाच शिक्षिका हव्यात, असं त्यांनी सांगितलं. त्या शिक्षिकांना आधी नीट तयार करा, त्यांना पुरुषांपेक्षा जास्त पगार द्या, राहायला शाळेच्या आवारात जागा द्या. तपासणीलाही बायका नेमा, कारण पुरुष तपासनीस बारीकसारीक चुका काढून शिक्षिकांना हैराण करतात. आणि बायकांसाठी बायका डॉक्टर तयार करा. इथे एक गोष्ट बघा. रमाबाई धर्मग्रंथ पढलेल्या, पण या साक्षीत त्यांनी धर्माचा आधार मागितला नाही. मागितल्या त्या पगार, घर, प्रशिक्षण आणि नेमणुका. मुलींचं शिक्षण हे दानधर्माचं काम न राहता सरकारी जबाबदारीचं व्हायला हवं, असा या मागण्यांचा रोख होता.

आई विरुद्ध गुरू

रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. कानांचा त्रास होता, त्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी आणि छोट्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. ही बातमी पुण्यात येऊन धडकली तेव्हा पुष्कळ लोकांना ती फसवणूक वाटली. जोतीराव फुले मात्र सत्सार या आपल्या पुस्तिकेत रमाबाईंच्या बाजूनं उभे राहिले.

धर्मांतरानंतरचा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाईंनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. चर्चचे काही सिद्धान्त त्यांना पटेनात आणि पटत नाही ते त्या मान्य करीनात. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन हिच्याशी त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि शिकवत होत्या, पुढे अमेरिकेला गेल्या. मनोरमा बराच काळ वाँटेजला राहिली. तिला कोणतं धर्मशिक्षण द्यायचं यावरून आई आणि भगिनींचं पटेना. भगिनींचं म्हणणं, मूल चर्चच्या शिकवणुकीत वाढलं पाहिजे. रमाबाईंचं म्हणणं, मुलीला काय शिकवायचं हे आई ठरवेल. ज्यांच्या घरात आपली मुलगी राहते, ज्यांचं अन्न खाते, त्यांनाही तिच्या मनाचा ताबा आपोआप मिळत नाही.

हे वाक्य माझं आहे, पण त्या पत्रव्यवहाराचा अर्थ हाच निघतो. पुढच्या सगळ्या गोष्टी समजून घेताना हा प्रसंग मनात ठेवावा लागतो.

शारदा सदन

१८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. तिथल्या सार्वजनिक शाळा त्यांनी बारकाईनं पाहिल्या. बालवाडी शिक्षणाची पद्धत शिकून घेतली. लोकांच्या करातून चाललेल्या, मुलामुलींना सारख्याच खुल्या असलेल्या शाळा हे त्यांच्या दृष्टीनं मोठं आश्चर्य होतं. परत आल्यावर त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात शिक्षणाला मानाची जागा आहे. हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८८७ चं. त्या पुस्तकामुळे आणि व्याख्यानांमुळे बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. हिंदू विधवांसाठी शाळा काढायला दहा वर्षं पैसा द्यायचं तिनं कबूल केलं. अट एकच, शाळा धर्मनिरपेक्ष राहील.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीला विद्यार्थिनी अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात होते. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती, स्वयंपाक जातीच्या नियमांप्रमाणे चाले, वर्गात बायबल शिकवत नसत. केशवपन झालेल्या, घरात तोंड लपवून बसणाऱ्या मुली इथे लिहायला-वाचायला शिकत, बागेत खेळत. हे दृश्य त्या काळच्या पुण्यात कुणी पाहिलं नव्हतं.

मग भांडण कशावरून झालं? एका दारावरून. रमाबाई रोज आपल्या खोलीत मुलीला घेऊन प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसू लागल्या. हळूहळू काहींना ख्रिस्ती धर्माबद्दल ओढ वाटू लागली. केसरीनं आधीपासूनच सदनावर नजर ठेवली होती. ही शाळा वरून धर्मनिरपेक्ष आणि आतून मिशनरी आहे, असा टिळकांचा आरोप होता. सल्लागारांनी रमाबाईंना सांगितलं, मुलींना प्रार्थनेला बसू देऊ नका, निदान त्यांच्या पालकांची परवानगी असल्याशिवाय तरी नको. रमाबाईंनी दार लावायला नकार दिला. मी कुणाला बोलावत नाही आणि आलेल्याला हाकलणारही नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली घरी नेल्या.

आता खरं कोणाचं? मला वाटतं, दोघांच्याही म्हणण्यात खरं होतं. सल्लागारांचा मुद्दा साधा होता. पालकांनी मुली विश्वासानं सोपवल्या आहेत. या मुली लहान आहेत, परक्या घरी आहेत, ज्या बाईंनी त्यांना जेवण, कपडे, विद्या आणि माया दिली त्याच बाई शेजारच्या खोलीत गुडघे टेकून बसल्या आहेत. अशा वेळी मुलगी आपण होऊन गेली असं म्हटलं तरी ते आपण होऊन कितपत? रमाबाईंचा मुद्दाही तितकाच साधा होता. एखाद्या हिंदू मुख्याध्यापिकेनं दार उघडं ठेवून देवपूजा केली असती तर कोणी राजीनामा दिला असता का? निरपेक्ष राहणं म्हणजे स्वतःचा धर्म चोरून पाळणं नव्हे.

या भांडणातून एक चांगलं निघालं, ते मात्र भांडणापेक्षा मोठं आहे. त्या गोदूबाईंशी ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. सदन सुरू झाल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. सदनावरचा लोकांचा विश्वास उडालेला कर्वे पाहत होते. ते नुसते टीका करत बसले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी स्वतः अनाथ बालिकाश्रम काढला, तोच पुढे हिंगण्याला गेला आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. त्यांचा आश्रम सुरुवातीला मुख्यतः ब्राह्मण विधवांपुरता होता, ही त्याची मर्यादा. पण दुसऱ्याच्या शाळेत आपल्या मुली बिघडतात असं वाटत असेल तर आपण शाळा काढली पाहिजे, हा धडा कर्व्यांनी घेतला. ओरडणारे पुष्कळ होते. शाळा काढणारे थोडेच निघाले.

केडगावच्या पोरक्या मुली

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाई तिथे गेल्या. आपलं लहानपण त्यांना तिथे रस्त्याकडेला बसलेलं दिसलं असेल. अन्नछत्रांच्या आणि मदतकेंद्रांच्या आसपास पोरक्या मुलींना पळवणारे लोक टपलेले असत. रमाबाईंनी सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते, म्हणून या मुलींना केडगावच्या शेतावर ठेवलं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शाळा, शेती, विणकाम, शिवणकाम, छापखाना, सगळं मुली चालवत. मनोरमा ब्रेल शिकून आल्या आणि आंधळ्या मुलींचा वर्ग सुरू झाला.

१८९८ मध्ये बोस्टनच्या असोसिएशनची दहा वर्षं संपली आणि जुनी अटही संपली. मुक्ती हे उघडपणे ख्रिस्ती घर होतं. तिथे वाढलेल्या मुली ख्रिस्ती म्हणून वाढल्या.

रमाबाईंच्या चरित्रातली सगळ्यात अवघड जागा हीच आहे आणि ख्रिस्ती महाविद्यालयाच्या अंकात ती टाळून पुढे जाणं बरं नाही. वाँटेजला मनोरमेच्या बाजूनं भांडायला तिची आई होती. केडगावच्या पोरीच्या बाजूनं भांडायला कोण होतं? तिची आई दुष्काळात मेली होती. तिला काय शिकवायचं हे रमाबाईच ठरवत होत्या. जो हक्क त्यांनी सिस्टर जेराल्डिनला दिला नव्हता, तो त्यांनी स्वतःकडे घेतला, असं कोणी म्हटलं तर त्याला चटकन उत्तर देता येत नाही.

पण लगेच दुसरा प्रश्न विचारावा लागतो. रमाबाईंनी त्या मुलींना आणलं नसतं तर कोण आणणार होतं? ज्या सरकारनं मुलांच्या शिक्षणाबद्दल कमिशन नेमलं होतं, त्याच्याकडे या मुलींसाठी घर नव्हतं, शाळा नव्हती. नातेवाईक नव्हते किंवा असून नसल्यासारखे होते. मिशनवाल्यांनी अनाथ मुलं नेली म्हणून चिडलेल्या लाला लजपतरायांनी त्याच वर्षांत हिंदू अनाथांसाठी चळवळ उभी केली, तीही गरजेची होती. म्हणजे झालं काय, की मुलं वाचवण्याची जबाबदारी सगळ्यांची असताना ती कुणीच उचलली नाही, तेव्हा धर्मसंस्थांनी उचलली. आणि जो उचलतो तो आपला देवही बरोबर आणतो. यात लबाडी असेलच असं नाही. श्रद्धेनं काम करणारा माणूस श्रद्धा घरी ठेवून येत नाही.

रेल्वेलाईनवरचं गुलबर्गा

आता आपल्या मुलखाकडे येऊ. केडगाव हे पुणे आणि दौंडच्या मधलं स्टेशन. तीच लाईन पुढे सोलापूरवरून गुलबर्गा, वाडी, रायचूरकडे जाते. आपल्याकडून पुण्याला जाणारी गाडी आजही केडगाववरूनच जाते. पण तेव्हा सोलापूर सोडलं की पुढे निजामाचं राज्य लागायचं. बिदर आणि गुलबर्गा हे त्या राज्याचे जिल्हे. कारभार उर्दूत, आणि लोक कन्नड, मराठी, तेलुगू, दखनी बोलणारे. घरची भाषा एक, कचेरीची दुसरी. खेड्यातल्या मुलीला शाळा म्हणजे दूरची गोष्ट.

१९१२-१३ च्या सुमारास रमाबाईंनी गुलबर्ग्याला ख्रिस्ती शाळा काढली आणि ती मनोरमाबाईंकडे सोपवली. रमाबाई तेव्हा पंचावन्नच्या आसपास होत्या, ऐकू कमी यायचं, आणि हातात बायबलच्या भाषांतराचं प्रचंड काम होतं. तरीही आपलं आहे तेवढं सांभाळून बसावं असं त्यांना वाटलं नाही.

त्याच सुमारास देशात काय चाललं होतं ते पाहू. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. सरकारी सभासद विरोधात होतेच, पण काही हिंदी सभासदही विरोधात गेले. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्येच सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं होतं, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसा हुकूम काढला. म्हणजे मनात आणलं तर राज्यकर्त्याला हे जमत होतं. जिथे कोणी मनात आणलं नाही, तिथे एखादी मिशनची शाळा, एखादा मठ, एखादा मदरसा, एखादे गावातले पंतोजी, यांच्यावर मुलांचं नशीब अवलंबून राहिलं.

१९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. ज्या मुलीला कडेवर घेऊन रमाबाई पुण्यात आल्या होत्या, जिच्या शिक्षणासाठी मठाशी भांडल्या होत्या, ती त्यांच्या आधी गेली. रमाबाईंनी हातातलं काम सोडलं नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं होतं, त्याची छपाई केडगावच्या छापखान्यात मुलीच करत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी शेवटचा श्वास घेतला. ज्या भाषेतला वेद बाईनं वाचू नये असं सांगितलं होतं, ती भाषा शिकून त्या मोठ्या झाल्या. आणि स्वतःचा धर्मग्रंथ मात्र त्यांनी अशा मराठीत ठेवला की कुठल्याही बाईला तो वाचायला कुणाची परवानगी लागू नये.

दार आणि परवानगी

आपली राज्यघटना लिहिली गेली तेव्हा १८९३ चं ते भांडण एका अर्थानं मिटलं. कलम २८ पाहा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही. मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत ते असू शकतं, पण विद्यार्थ्याला त्यात किंवा प्रार्थनेत भाग घ्यायची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. कलम ३० नं अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था काढायचा हक्क दिला. म्हणजे रमाबाईंचं दार उघडं राहिलं, आणि रानड्यांची पालकांच्या परवानगीची मागणीही मान्य झाली. दोघांनाही न्याय मिळाला असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट यायला मात्र फार वेळ लागला. फुल्यांनी आणि रमाबाईंनी १८८२ मध्ये जे मागितलं, ते सहा ते चौदा वयाच्या मुलांचा मूलभूत हक्क म्हणून २००२ च्या घटनादुरुस्तीनं घटनेत आलं. त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मधे एकशेवीस वर्षांहून जास्त काळ गेला. तेवढ्या काळात किती पिढ्या शाळेच्या बाहेर राहिल्या त्याचा हिशोब आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगठ्यांमध्ये आहे.

म्हणून निर्ण्यात किंवा आणखी कुठल्या गावात, घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो जुना प्रश्न विचारला, त्या शाळेत त्यांच्या धर्माचं तर शिकवत नाहीत ना, तर आपण चिडायचं कारण नाही. प्रश्न रास्त आहे. रमाबाईंनी स्वतःच्या मुलीसाठी तोच विचारला होता. आपल्यासारख्या संस्थेनं त्याचं उत्तर मोकळेपणानं द्यायला हवं, आमच्याकडे प्रार्थना होते, दार उघडं आहे, आत यायची सक्ती नाही. पण तेवढं उत्तर ऐकून झालं की आपणही वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारावा. गावातल्या सरकारी शाळेत यंदा शिक्षक किती आहेत? मुलींसाठी संडास आहे का? शाळेच्या सभेला आपल्या घरातलं कोणी कधी गेलंय का?

पहिला प्रश्न आपण दीडशे वर्षं विचारत आलो आहोत. दुसरा विचारायला लागलो, तर गुलबर्ग्याची ती शाळा सुरू करताना रमाबाईंना कशाची घाई होती ते आपल्याला कळेल.